गिटार मासा : संवर्धनाचा खर्च कोणी सोसावा?

(व्याख्यानाचा संपादित अंश)

शार्क आणि पाकट यांच्याप्रमाणेच गिटार मासाही कास्थिमत्स्य वर्गात मोडतो. डोक्याकडचा भाग पाकटासारखा चपटा, शेपटीकडचा शार्कसारखा; या आकारामुळे त्याला वाद्याचे नाव मिळाले. उथळ समुद्राचा वालुकामय तळ हे त्याचे वसतिस्थान, आणि ट्रॉलरची जाळी नेमका हाच तळ खरवडतात. तो मोजक्याच पिलांना जन्म देतो व उशिरा प्रौढ होतो. त्यामुळे तारली-बांगड्याप्रमाणे त्याची घट लवकर भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१९ मध्ये महाकाय गिटार मासे व त्यांचे निकटचे आप्त अशा १६ जातींचे मूल्यमापन केले. त्यांपैकी १५ जाती अतिसंकटग्रस्त ठरल्या.

या प्रश्नाचे मूळ अर्थशास्त्रीय आहे. साठा घटला की मासेमारीचा खर्च वाढतो, ती परवडत नाही आणि साठ्याला उसंत मिळते, असे पाठ्यपुस्तक सांगते. येथे तसे घडत नाही. बोट प्रामुख्याने कोळंबी, म्हाकूळ यांसाठी निघते. डिझेल आणि मजुरी त्यांच्याच हिशेबात पडते. जाळ्यात आलेला गिटार मासा ही वरकमाई ठरते. म्हणजे कोळंबी परवडते तोवर गिटार मासाही मरत राहतो, मग तो कितीही दुर्मीळ होवो. त्यातच त्याच्या परांना पूर्व आशियाच्या बाजारात चढा भाव!

कायदा आला, पण अडखळत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली ‘ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस’ या आप्त जातीचा समावेश झाला. ही जाती मुख्यतः पश्चिम हिंदी महासागरातील असून भारतीय किनाऱ्यावर सापडणारे मासे बहुतांशी तिच्या भगिनीजातींचे आहेत, असे वर्गीकरणशास्त्रज्ञांनी पुढे दाखवले. संरक्षण एका नावाला आणि मासे दुसऱ्याच नावाचे, अशी ही विसंगती होती. २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये महाकाय गिटार मासे २०१९ मध्ये, तर उर्वरित गिटार मासे २०२२ च्या पनामा परिषदेत समाविष्ट झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित अधिनियमाने या कराराला देशांतर्गत कायद्याचे बळ दिले.

परंतु निर्यातबंदीने वरकमाई घटते, जाळे थांबत नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी जीव सोडताना जाळे फाटल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. देवमाशासारख्या प्रचंड प्राण्यासाठी, जाळे कापावेच लागते तेथे, ही रचना चपखल बसते. लहान गिटार मासा मात्र सहसा जाळे न फाडताच निघतो. मच्छीमार गमावतो ती त्याची किंमत. ती किंमत अशा योजनेत गृहीत धरलेली नसते.

पिले किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाढतात आणि तेथील लहान जाळ्यांत अनेकदा जिवंत सापडतात. बाजारात त्यांना फारसा भाव नसतो. त्यामुळे ती तत्काळ पाण्यात सोडण्यासाठी द्यावा लागणारा मोबदला सर्वांत कमी पडेल.