फटफटी, तिचे इंजिन आणि घरची वाट
(सुवर्णमहोत्सवी वर्षात सोडाला येथील सभेत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या तरुण सभासदांनी यंदाच्या गणेशोत्सवास सोडाल्याहून पुण्यापर्यंत मोटारसायकलींवरून जाण्याचा बेत केला आहे. लांबच्या प्रवासाला कोणती गाडी घ्यावी यावरून त्यांच्यात जे वाद माजले, त्यांचा निवाडा करण्याचे काम कार्यकारिणीने आमच्यावर सोपवले. वस्तुतः आमची पदवी कलाशाखेची आणि उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. अधिकार म्हणाल तर एवढाच, की या वाटेने आम्ही दोनदा गेलो आहोत. एकदा चुकीच्या गाडीवरून आणि एकदा बऱ्या गाडीवरून.

चुकीच्या गाडीची हकिगत आधी सांगतो. १९९८ साली एक लहान इंजिनाची जुनी गाडी घेऊन आम्ही सपत्नीक साताऱ्यास निघालो. गाडीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. रोज कचेरीत जाण्यासाठी घडवलेले यंत्र आम्ही दोन माणसे आणि गाठोडी लादून दिवसभर त्याच्या कमाल वेगाने पळवले. उदयपूरपर्यंत हातांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी शामळाजीच्या अलीकडे बोटे इतकी बधिर झाली, की समोर गुरे आडवी आली तेव्हा ब्रेकचा दांडा आपण दाबला की नाही हेच उमगेना. आम्हांला खरचटण्यावर निभावले. सौभाग्यवतींचे डावे मनगट मोडले. थंडीत ते अजून ठणकते, आणि जयपूरची थंडी काही कमी नव्हे.

असे का झाले, हे कळायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. इंजिनातला दट्ट्या वर जातो, थबकतो, खाली येतो, पुन्हा थबकतो. या धरसोडीचा हादरा सांगाड्यातून हातापायांत उतरतो. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हा हादरा दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय सावकाश येणारा धक्का शरीर सोसून घेते. झिणझिण्या आणणारा बारीक कंप मात्र नसांना गुपचूप बधिर करतो. म्हणून दूरच्या प्रवासाला गाडीची सर्वाधिक शक्ती किती, हा प्रश्न दुय्यम होय. ताशी ८० किलोमीटरला तिचे इंजिन किती घाईत असते, हे आधी विचारावे.

बुलेटची मोहिनी येथेच आहे. इंग्लंडातील रेडिचच्या कंपनीशी करार होऊन १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तिच्या ३४६ सी.सी. इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे शक्ती बेताचीच, पण टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, अगदी कमी फेऱ्यांतच हाती येतो. चढावर गिअर न बदलता ती ओढत राहते. चार धावांच्या एकसिलिंडर इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. गाडी उभी असताना हे ठोके सेकंदाला सहासात पडतात आणि कानाला सुटे सुटे ऐकू येतात. आपल्या भाषेने या वाहनाला फटफटी म्हटले ते या ठोक्यांवरूनच. आपल्या राजस्थानात तर पालीजवळ चोटिला गावी एक बुलेट काचेआड ठेवून पूजिली जाते! दुसऱ्या खेपेस आम्ही बुलेटवरूनच गेलो. ताशी ६५ च्या पुढे नेण्याचा मोह केला नाही. खांदे दुखले, बोटे शाबूत राहिली.

आमच्या चिरंजीवांना मात्र हे पटत नाही. त्यांची गाडी चाकणची, म्हणजे पुण्याजवळ तयार झालेली. तेथे बजाजच्या कारखान्यात बनलेल्या केटीएम ३९० चे ३७३ सी.सी. इंजिन बुलेटच्या अगदी उलट स्वभावाचे होते: व्यास ८९, धाव अवघी ६०. ते ९००० फेऱ्यांना सुमारे ४३ अश्वशक्ती देई. आम्ही म्हणालो, "इतके फिरणारे इंजिन प्रवासाचे नव्हे." त्यावर चिरंजीवांनी कागदावर हिशेब मांडला. दट्ट्या एका फेऱ्यात दोनदा धावतो. तेव्हा बुलेटचा ४००० फेऱ्यांना मिनिटाला ७२० मीटर धावतो, आणि चाकणचा ६००० फेऱ्यांना तेवढाच, ७२० मीटर! उरलेला हादरा उलट फिरणाऱ्या तोलदंडाने बराच शमवलेला असतो. आम्ही निरुत्तर झालो, हे येथे प्रांजळपणे सांगतो.

तथापि चाकणकरांनीही आमची बाजू थोडीफार मानलेली दिसते. २०१६ साली प्रवासासाठी म्हणून आणलेल्या डॉमिनारमध्ये त्यांनी त्याच व्यासाचे, त्याच धावेचे इंजिन घेतले, पण दोनऐवजी एकच कॅमशाफ्ट बसवून शक्ती ३५ वर आणली. २०१९ मध्ये मात्र पुन्हा दोन कॅमशाफ्ट आले आणि आकडा ४० झाला. ग्राहकाला ऐटही हवी असते, त्याला कोण काय करणार?

एनफिल्डचा प्रवास याच दिशेने झाला. २०१६ ची हिमालयन ४११ सी.सी.ची, वाऱ्याने थंड होणारी, लांब धावेची आणि २४.५ अश्वशक्तीची होती. २०२३ ची त्याच नावाची गाडी ४५२ सी.सी.ची, पाण्याने थंड होणारी, सुमारे ४० अश्वशक्तीची, आणि तिची धाव व्यासाहून आखूड. जुन्या गाडीचे भक्त हळहळले. आमचे मन त्यांच्याकडे असले, तरी बुद्धी नव्या गाडीकडे झुकते. कारण जयपूरच्या उन्हात चौकात खोळंबलेल्या गाडीला वाऱ्याचा काय आधार? पाण्याच्या गाडीचा पंखा पोटऱ्यांवर गरम झोत सोडतो हे खरे, पण इंजिनाचा ताप आटोक्यात राहतो.

आमच्या मते सर्वांत शहाणी तडजोड २०१८ च्या ६४८ सी.सी. दोनसिलिंडरी इंजिनात आहे. त्याच्या भुजादंडावरील दोन खिळींत २७० अंशांचे अंतर ठेवले आहे. एक दट्ट्या टोकाशी थबकतो तेव्हा दुसरा जवळजवळ भर वेगात असतो. त्यामुळे झिणझिण्यांचा मोठा भाग परस्परच फिटतो. शिवाय स्फोट समान अंतराने न पडता आळीपाळीने २७० आणि ४५० अंशांनी पडतात, म्हणून ठोक्याची लय कानाला लाभते. गाडी जड आहे, आणि किंमतही सर्वांच्या खिशाची नव्हे.

आता वाटेविषयी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. तेव्हा खोपोलीहून जुन्या रस्त्याने, ट्रकांच्या मागून, पहिल्यादुसऱ्या गिअरमध्ये बोरघाट चढावा लागेल. तेथे ९००० फेऱ्यांची शक्ती काय कामाची? २००० ते ४००० फेऱ्यांत जो पीळ मिळेल तोच तुम्हांला वर नेईल. ज्यांच्याजवळ लहान इंजिनाच्या गाड्या आहेत त्यांनीही खुशाल यावे, मात्र एकट्याने बसून, ताशी ६० च्या आत आणि तासागणिक थांबून. हा वेग आम्ही सर्वांसाठीच सुचवला असून चिरंजीवांनी तो कुरकुरत मान्य केला आहे.

निघण्याची वेळ पहाटे चारची ठरली आहे. सौभाग्यवती येणार म्हणतात. कोणत्या गाडीत किती सिलिंडर, याची त्यांनी चौकशी केली नाही. मागच्या बैठकीला धरायला कडी आहे ना, एवढेच त्यांनी चिरंजीवांना दोनदा विचारले.