नाणं टांकसाळीत चुकलं की बाहेर?

मागे पंख्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. हा भाग पुण्यातून नाही, घरून रेकॉर्ड करतोय. घर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं आमचं आष्टी.

परवा मामा आले. रुमालाच्या गाठीतून एक रुपयाचं नाणं काढलं आणि म्हणाले, "पाह्य बरं बाबू, याचे दोन लाख येतात म्हणते तो." 'तो' म्हणजे फोनवरचा माणूस. नाणं १९९८चं, स्टीलचं, कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. त्या माणसाने आधी १,८५० रुपये 'नोंदणी फी' मागितली होती. मामा संध्याकाळी पाठवणारच होते.

आता मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, घोळ कोडमध्ये आहे की गड्याने फोन बादलीत पाडला? नाण्यालाही तोच प्रश्न विचारायचा. टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. मग चकतीची कड थोडी उचलतात. मग ती दोन ठशांमध्ये ठेवून दाबतात, आणि भोवती एक कडं असतं म्हणून धातू बाहेर पसरत नाही. यातल्या एखाद्या पायरीवर जे बिघडू शकतं, ती एरर. बाकी सगळं म्हणजे नाण्याने बाहेर खाल्लेला मार.

चंद्रकोर खरी असू शकते बरं का. पट्टीवर आधीच कापलेल्या भोकावर पुढची चकती थोडी चढली की असा घास निघतो. पण मग ठसा पडतो तो आधीच कापलेल्या चकतीवर. त्यामुळे घासाजवळची अक्षरं ओढल्यासारखी, पातळ दिसतात. आणि गंमत म्हणजे घासाच्या बरोबर समोरची कडही कमजोर, बसल्यासारखी असते. कारण कड उचलताना दोन्ही बाजूंनी दाब लागतो, आणि एका बाजूला धातूच नसला तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात.

मामांच्या नाण्याची समोरची कड चांगली भरलेली होती. कापलेल्या जागी अक्षर सुरीने छाटावं तसं तुटलेलं. फोनचा कॅमेरा जवळ नेला तर एकाच दिशेच्या बारीक रेघा. कानस नाहीतर ग्राइंडर, दुसरं काही नाही.

वजन पाहू म्हणून सोनाराकडेही गेलो. या जातीचं नाणं ४.८५ ग्रॅमचं असतं, हे कमी भरणारच होतं, खरं असो की खोटं. म्हणजे इथे काटा काही सांगत नाही. तो दुसरीकडे कामाचा. ॲसिडमध्ये झिजवलेलं नाणं हलकं होतं. रेल्वेच्या रुळावर चेपलेलं पसरतं, पण वजन तेवढंच राहतं. एका बाजूला सरकलेला खरा ठसा असेल तर उरलेला भाग कोरा राहतो आणि छापलेला भाग स्पष्ट असतो. रुळावरच्यात सगळंच फासलेलं असतं.

दहाच्या नाण्यात मधली चकती उलटी दिसली तर आधी जोडावर ओरखडे पाहा, ती सैल आहे का पाहा. ठोकून काढून परत बसवता येते.

अजून एक फसवणूक चालते. "सालाखाली खूणच नाही, दुर्मिळ!" अरे, मुंबईची खूण चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसतेच.

मला स्वतःला आवडते ती फिरलेल्या ठशाची चूक. आपलं नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटवलं की दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. मागची बाजू चांगलीच वळलेली असेल तर ते कानशीने करता येत नाही. घरात टांकसाळ कोणाकडे आहे?

आणि फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती नाही, कसलं शुल्क मागत नाही, कोणाला मागायचा अधिकारही दिलेला नाही.

मामांना हे सगळं दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच त्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. "काऊन हो, समोरची कड भरलेली काऊन आहे याची?"

पलीकडून दोन सेकंद काहीच आलं नाही. मग फोन कट.