खंजिरी ऐकायची कशी?



विदर्भातल्या मोर्शीकडे खंजिरी कानावर पडली नाही असा माणूस विरळा. पण कान देऊन ऐकली, तर ती बरंच काही सांगते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन लागलं, की आपण शब्दांत रमतो. तेच भजन एकदा नुसत्या खंजिरीसाठी ऐका. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं चामडं, कड्यात बसवलेल्या बारीक झांजा. बोटं मधोमध पडली की घुमारा उठतो, काठाशी पडली की आवाज टणक होतो. गाणारा आणि ताल धरणारा एकच, म्हणून शब्द ठसवायचा तिथे तो हात आवरतो आणि ओळ संपताना जोर चढवतो. तो जोर मंडळींसाठी असतो: आता तुम्ही उचला! चालही सोपी, कारण नवख्यालाही दुसऱ्या फेरीत साथ देता आली पाहिजे.

अमेरिकेतलं सोल संगीत असंच घडलं. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायक ओळ म्हणतो, सभा उत्तर देते, आणि हातात असते खंजिरीची बहीण, टॅम्बोरिन. अरेथा फ्रँकलिन ही धर्मोपदेशकाची मुलगी, डेट्रॉइटच्या चर्चमध्ये गात वाढली. जगभर नाव झाल्यावरही १९७२ साली तिने लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, भाविकांसमोर ‘अमेझिंग ग्रेस’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात सभेचे हुंकारही ऐकू येतात. डिस्को गाजवणारी डोना समरसुद्धा आधी बॉस्टनच्या चर्चमध्ये गायली. डिस्कोत ठोका यंत्रासारखा एकसारखा पडतो, तरी सगळ्यांना एका लयीत आणण्याची ओढ तीच.

ही ओढ आपल्याकडेही दिसली. मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या डोंगरावर १९३५ साली तुकडोजी महाराजांनी महारुद्र यज्ञ केला, तेव्हा अफाट जनसमुदाय लोटला. त्याच काळात मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. भजनांनी गावंच्या गावं जागी होतात हे इंग्रज सरकारनेही ओळखलं. १९४२ साली महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

गायकाचं मोठेपण त्याच्या गळ्यात असतंच. पण त्याने किती मुक्या गळ्यांना गातं केलं, हे मला त्याहून मोठं वाटतं. म्हणून मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गेलात, की कडेला उभे राहू नका. मंडळींत बसा, खंजिरीवरचा हात पाहा, तो जोर चढला की ओळ उचला. ऐकण्याची खरी तालीम तिथेच होते.