मैदानावरचा डबा

मंडळी, उन्हाळी शिबिराला सकाळी सहाला येणारी मुलं एकतर उपाशीपोटी येतात, नाहीतर आईनं घाईत भरवलेला तुपातला पराठा पोटात घेऊन. दोन्ही त्रासाचंच. उपाशी मुलाला थोडं धावलं की गरगरतं आणि जड खाल्लेल्याच्या पोटात कळ येते. तुपकट, तळलेलं अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं. तोवर पायांना त्याचा उपयोग नाही. म्हणून खेळाआधी अर्धा-पाऊण तास एखादं केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू द्या. पोटभर जेवण झालं असेल तर मात्र दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

खेळानंतर प्रथिनंही हवीत. त्यासाठी महागडी पावडर आणणारे पालक मला भेटतात. मला ते पटत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. मूठभर दाणे नि गुळाचा खडा, किंवा मटकीची उसळ आणि पोळी, एवढ्यानं काम भागतं. सगळ्या संघाला खाऊ नेणार असाल तर दाण्यांची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारा.

आता बाटलीकडे येऊ. सामना जिंकला की वडापाव आणि कोल्ड्रिंक, ही आपल्याकडची रीतच. वडापावशी माझं भांडण नाही. खेळ झाल्यावर, कधीतरी, जरूर खावा. पण ३०० मिलीच्या कोलात ३० ग्रॅमांहून अधिक साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१६ मध्ये मुलांसाठी वरच्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम सांगितली. ती एकाच बाटलीत ओलांडली जाते! एनर्जी ड्रिंकमध्ये तर वर कॅफीन. लहान मुलांसाठी नाही, असं त्या डब्यावरच छापलेलं असतं, पण बारीक अक्षरांत.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे जास्त साखरेचे, मिठाचे आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. शाळेपासून दूरच्या मैदानाला तो लागू नाही. तिथं आपणच पाहायचं.

तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी प्यायला लावा. तासाहून जास्त खेळ असेल आणि ऊन असेल, तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबाचं सरबत उत्तम. आणि हो, मे महिन्यात उसळीचा डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, दुपारपर्यंत आंबते. त्या दिवसांत चणे-फुटाणेच बरे.