झोंपेंत कोंडणारा श्वास

घरांत कोणी मोठ्यानें घोरूं लागलें कीं त्याला कुंभकर्ण म्हणून मोकळें व्हावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत. घोरणें म्हणजे गाढ निद्रा, असा सर्वांचा समज. हा समज कित्येकदां किती फसवा असतो, हें ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्या कार्यावरून चांगलें कळतें. विशेष हा कीं, निद्रेंतील या विकारावर त्यांनीं जो उपाय काढला, तो श्वासाच्या अभ्यासांतून निघाला.

श्वासनलिकेस कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. तिच्या वरच्या घशास तसा आधार नाहीं. जागेपणीं स्नायु त्याला उघडा धरतात. झोंपेंत ते सैल पडतात, आणि घसा अरुंद असला तर श्वास ओढतांना त्याच्या भिंती एकमेकींस चिकटतात. छाती धडपडत असते, पण वायु आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो, आणि डोळा लागतांच पुन्हां तोच प्रकार! विकार तीव्र असल्यास हें एका रात्रींत शेंकडों वेळां घडतें. सकाळीं रोग्यास त्यांतलें कांहीं आठवत नाहीं. दिवसां मात्र बोलतां बोलतां त्याची मान कलते, आणि लोक त्याला आळशी ठरवितात. रोगाइतकाच हा अन्यायहि दुःसह म्हटला पाहिजे.

१९६५ मध्यें फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं या विकाराचें स्वरूप नोंदविलें. त्याला पुढें स्लीप अ‍ॅप्निया हें नांव मिळालें. पण तीव्र रोग्यासाठीं खात्रीचा उपाय त्या काळीं एकच होता. गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेंत नळी बसवावयाची.

सलिव्हन यांचें वैद्यकीय शिक्षण सिडनीस झालें. पुढें कॅनडांतील टोरोंटो येथें डॉ. एलियट फिलिप्सन यांच्याजवळ त्यांनीं निजलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला. निरनिराळे वायु देण्यासाठीं कुत्र्याच्या मुस्कटावर घट्ट बसेल असा मुखवटा त्यांनीं तेथें तयार केला होता. तोच पुढें माणसाच्या उपयोगी पडला.

१९८० च्या जून महिन्यांत सिडनी येथें त्यांच्याकडे इमारतीच्या कामावरील एक मजूर आला. विकार विकोपास गेलेला, परंतु गळा कापून घेण्यास तो तयार होईना. तेव्हां सलिव्हन यांनीं त्याच्या नाकावर मुखवटा बसविला आणि पंख्याच्या यंत्रानें नाकावाटे वायूचा सतत दाब दिला. दाब थोडा वाढवितांच घसा उघडा राहिला आणि रोगी गाढ झोंपी गेला. दाब उतरविला कीं श्वास अडे, चढविला कीं मोकळा होई! सकाळीं तो मनुष्य खरोखर जागा असा उठला. वायूच्याच दाबानें घशाला आंतून आधार द्यावा, ही कल्पना किती साधी! पण ती सुचण्यास श्वासाशीं वर्षानुवर्षें झटलेलें मन लागलें.

१९८१ च्या एप्रिलमध्यें 'लॅन्सेट' पत्रांत पांच रोग्यांचा वृत्तांत आला. लागलेला दाब फार नव्हता, साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. आरंभींचे रोगी मात्र धन्यच म्हणावयाचे. नाकाचा प्लॅस्टरचा साचा घेऊन मुखवटा घडवावयाचा, आणि तो रोज रात्रीं चेहऱ्यास चिकटवून निजावयाचें! यंत्राची घरघर निराळीच. तरीहि ते तो लावीत राहिले, यावरून पूर्वीच्या रात्री कशा गेल्या असतील याची कल्पना करावी.

आपल्याकडेहि आज निद्राविकारांचे रोगी पुष्कळदां छातीच्या डॉक्टरांकडेच जातात. एम. बी. बी. एस. चीं साडेपांच वर्षें आणि श्वसनरोगांतील एम. डी. चीं तीन, एवढा अभ्यास झाल्यावर हे डॉक्टर निद्रेच्या परीक्षेकडे वळतात. पूर्वी या शाखेचा बहुतेक काळ क्षयाशीं झुंजण्यांत जाई, आणि क्षय अजूनहि गेलेला नाहीं. पण क्षयाचा रोगी आपला खोकला आपण सांगतो. या रोग्याला आपल्या दुखण्याचा पत्ताच नसतो. म्हणून जाणता डॉक्टर त्याच्याबरोबर घरचें कोणी आलें आहे काय हें प्रथम पाहतो, आणि रात्रीं श्वास मध्येंच थांबतो का, हें त्या माणसास विचारतो.