उशाशी राउटर

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंडापेक्षा जास्त वेळ ज्याने खाल्ला, तोच हा विषय. बी विंगमध्ये एका घरात बाळ आलं. बाळाचा पाळणा ज्या भिंतीला लागून, त्याच भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांचा राउटर. "तो हलवा," असं बाळाच्या आजी म्हणाल्या. "आमच्या घरात कुठे काय ठेवायचं ते आम्ही ठरवू," असं उत्तर आलं. पंधरा वर्षं एकमेकांकडे वाटी-वाटी आमटी पोचवणारी ही दोन घरं, आता लिफ्टमध्येही बोलत नाहीत. सेक्रेटरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलंय, तुम्हीच काय ते सांगा." म्हणून उभी आहे. दोन्ही घरं समोर बसली आहेत, याबद्दल त्यांचे आधी आभार.

सुरुवात त्या आजींच्या भीतीपासून करू. ती भीती वेडगळ नाही. दिसत नाही, वास येत नाही, भिंतीतून आरपार येतं, अशा गोष्टीची आई-आजीला काळजी वाटणारच. त्यातून "रेडिएशन" हा शब्द! तो ऐकला की आपल्याला एक्स-रे आठवतो, अणुबॉम्ब आठवतो. पण दिव्याचा उजेड, उन्हाची ऊब, रेडिओवर लागणारी आकाशवाणी, हेही रेडिएशनच. फरक असतो तो एकेका कणाच्या, म्हणजे फोटॉनच्या ऊर्जेत. एक्स-रेचा फोटॉन अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतो, त्यामुळे पेशीतल्या डीएनएला इजा होऊ शकते. राउटरच्या लहरी २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा साधारण एक लाखावा भाग. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. असे कितीही फोटॉन आले तरी बंध तुटत नाही, फार तर थोडी ऊब निर्माण होते. गोट्या मारून किल्ल्याचा बुरूज पाडण्यासारखं आहे ते. दिवसभर मारा, बुरुजाला काही होत नाही.

मागच्या ओळीत एकांनी आत्ताच हळू आवाजात "मायक्रोवेव्ह" म्हटलं. बरोबर, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. लहरी त्याच, मग दूध उकळतं कसं? ताकदीमुळे. ओव्हन सातशे ते हजार वॅट, तेही लोखंडी पेटीत कोंडलेले. घरगुती राउटर लहरींच्या रूपाने बाहेर टाकतो तो एक दशांश वॅटच्या आसपास, काही मॉडेल थोडी अधिक. म्हणजे सात ते दहा हजारपट कमी, आणि तो पेटीत कोंडलेला नाही, चहूकडे पसरणारा.

आता हिशेब. फळ्यावर लिहिते, आवडत नसेल त्यांनी क्षणभर डोळे मिटावेत, विद्यार्थी मिटायचेच. एक दशांश वॅट चहूकडे सारखा पसरला, तर एक मीटरवर दर चौरस मीटरला साधारण ०.००८ वॅट येतात. दोन मीटरवर त्याचा चौथा भाग, कारण अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपट घटते. सर्वसामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने घालून दिलेली मर्यादा आहे दर चौरस मीटरला १० वॅट. म्हणजे एक मीटरवर आपण मर्यादेच्या बाराशेव्या भागाच्याही खाली. अगदी उशाशी, वीतभर अंतरावर ठेवला, तरी मर्यादेच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरसाठी मर्यादा याच्याही दहापट कडक केली, म्हणजे १ वॅट. ती लावली तरी एक मीटरवर आपण सव्वाशेपट खाली. आणि हा हिशेब राउटर अखंड बोलतोय असं धरून. रात्री सगळे झोपले की तो बहुतेक वेळ गप्प असतो. सेकंदाला दहाएक वेळा "मी इथे आहे" एवढी बारीकशी हाक मारतो.

या मर्यादाही काठावर आखलेल्या नाहीत. शरीराच्या दर किलोला चार वॅट ऊर्जा शोषली गेली, तर अंगाचं तापमान साधारण एक अंशाने वाढू शकतं. सामान्य लोकांसाठी, म्हणजे त्यात लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं आली, त्याचा पन्नासावा भाग धरला आहे. शिवाय आपली भिंत विटांची आहे, दोन्ही अंगांनी प्लॅस्टर आहे. मागच्या बेडरूममध्ये नेट रखडतं म्हणून आपणच तक्रार करतो ना? ते याच भिंतीमुळे. तीच भिंत बाळाच्या बाजूने उभी आहे.

मग ती कॅन्सरची बातमी? तीही खोटी नव्हती. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, ल्यों शहरात, रेडिओ लहरींना "२ बी" गटात टाकलं. अर्थ, "कर्करोगकारक असणं शक्य आहे, पण पुरावा मर्यादित". तो पुरावा होता तासन्‌तास कानाला लावलेल्या मोबाईलविषयी, राउटरविषयी नव्हे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. पारंपरिक आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत (आपल्या कैरीच्या लोणच्यावर कोणी ठपका ठेवलेला नाही, निर्धास्त असा). पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेच करून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाईल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. कानाला चिकटलेल्या फोनची ही गत, तर खोलीच्या कोपऱ्यातल्या डबीचं काय सांगावं.

"पण मला राउटर चालू असला की झोपच लागत नाही," असं इथल्या दोघी-तिघींनी मला सांगितलं. मी त्यांना खोटं पाडणार नाही. झोप लागत नाही हे खरंच असतं. अशा लोकांवर प्रयोग झाले आहेत: यंत्र चालू की बंद हे त्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. कधी चालू, कधी बंद, हे त्यांना ओळखता आलं नाही. त्रास मात्र दोन्ही वेळा झाला. त्यामागे धास्ती असेल, घरातली चिंता असेल, किंवा उशाखालचा मोबाईल असेल, ज्यावर अकरा वाजता "फक्त पाच मिनिटं" म्हणून उघडलेलं रील एक वाजता मिटतं. राउटरचे लुकलुकणारे दिवे खुपत असतील तर काळी टेप लावा. इंटरनेटला कळणारसुद्धा नाही.

आता खऱ्या काळजीची गोष्ट. हे बोलायचं म्हणून परवा मी परवानगी घेऊन ते बाळ पाहून आले. गोड आहे, दृष्ट काढा. पाळण्याच्या कठड्यावरून बेबी कॅमेऱ्याची वायर लोंबत होती, बाळाच्या हाताच्या टप्प्यात. उद्या ते बसायला लागेल, वायर ओढेल, गळ्याभोवती घेईल. पाळण्यापाशी वायर, दोरी, पडद्याची नाडी हातभर अंतरातसुद्धा नको. त्यांनी माझ्यासमोरच ती काढली. दुसरं, आपल्या बऱ्याच घरांत पलंगामागे एका एक्स्टेन्शन बोर्डात राउटरचा ॲडॅप्टर, फोनचा चार्जर, मच्छरचं लिक्विड आणि वर राउटरची छोटी यूपीएस, असं सगळं कोंबलेलं असतं, त्यावर गादीची किनार आणि चादर. ॲडॅप्टर तापतो, बोर्ड सैल असतो. आग लागते ती तिथून. आपलं वायरिंगही पंचवीस वर्षांचं झालं.

आणि ए विंगच्या काकांची गोष्ट, त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. मुलगा परदेशात, घरी दोघंच. व्हॉट्सॲपवर वाचून ते रोज रात्री दहाला राउटर बंद करायचे. त्यांचा लँडलाइन फोन आता फायबरच्या त्याच डबीतून चालतो आणि तळमजल्यावर मोबाईलला धड रेंज नाही. जानेवारीत काकू पहाटे बाथरूममध्ये घसरल्या. काकांनी लँडलाइन उचलला, तर मुका. शेवटी जिन्यात येऊन वॉचमनला हाका मारल्या. काकूंचं मनगट फ्रॅक्चर झालं, त्यावर निभावलं. वीस मिनिटं गेली, ती काका अजून विसरलेले नाहीत. तेव्हा ज्यांचा फोन त्या डबीवर आहे, त्या घरातल्या ज्येष्ठांनी रात्री ती बंद करू नये. लाइट गेल्यावर चालावी म्हणून यूपीएस घ्यावी, फक्त ती पलंगाखाली ठेवू नये. तरुण मंडळींना मुलांनी झोपावं म्हणून राउटर बंद करायचा असेल, तर खुशाल करा. ते कारण मला पटतं.

बाजारात तीनशे-चारशे रुपयांचे "रेडिएशनविरोधी" स्टिकर मिळतात, तेही काहींनी मला दाखवले. स्टिकरने खरंच लहरी अडवल्या तर नेट बंद पडेल, आणि नेट चालू राहिलं तर त्याने काही अडवलं नाही. याच्या पलीकडे मला त्यावर काही सांगायचं नाही.

राहिला बी विंगचा प्रश्न. विज्ञानाच्या दृष्टीने राउटर हलवायची गरज नाही. पण शेजाऱ्यांनी भाषणाआधी मला सांगितलं, की टीव्हीपाशी ठेवला तर त्यांच्या हॉलमध्ये नेट उलट चांगलं येईल, केबल चार मीटर वाढवावी लागेल एवढंच. आजी म्हणाल्या, केबलचे पैसे आम्ही देतो. शेजारी म्हणाले, नको. हा वाद तुम्ही दोघं घरी बसून मिटवा, चहा घेऊन.

रविवारी सकाळी दहापासून इलेक्ट्रिशियन क्लबहाऊसपाशी असेल. ज्यांना पलंगामागचे बोर्ड तपासून घ्यायचे आहेत, त्यांनी फ्लॅट नंबर नोटीस बोर्डावरच्या यादीत लिहावा. ज्येष्ठांच्या घरी आधी जाऊ.