काडी गालात, पोच हातात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कोरोनात नाकात घातलेली काडी आठवते ना? आता पाळी जनावरांची आहे. डीएनए तपासायला रक्तच लागते असे नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की तिला पेशी चिकटतात, तेवढ्या पुरतात.

कशासाठी हा खटाटोप? तुम्ही पैसे मोजले देवणी वळूच्या वीर्यकांडीचे आणि गाय भरवली भलत्याच कांडीने, तर आजवर तुमच्याजवळ पुरावा काय होता? आता कालवडीचा आणि त्या वळूचा डीएनए ताडून 'हा बाप नव्हे' असे छातीठोक सांगता येते. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशीम जिल्ह्यात गायींसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' जाहीर झाली. घाबरू नका, ती जनावराच्या अंगात बसवत नाहीत. ते प्रयोगशाळेत डीएनए वाचायचे साधन आहे. वासरू लहान असतानाच त्याची कुवत अजमावायची, हा हेतू.

पण सगळी मदार नमुन्यावर. गाय रवंथ करते, म्हणजे तोंडात चारा आणि पोटातले जंतू कायमचेच. म्हणून आधी अर्धा-एक तास दावणीत चारा नको. वासरू नुकतेच प्यालेले असेल तर थांबा. तोंड पाण्याने खळबळून घ्या. मग काडी गाल आणि हिरडीच्या मध्ये घालून अर्धा मिनिट दाबून फिरवा. बोटे दाढांपासून लांब! कापसाला हात लावायचा नाही. दर जनावराला नवी काडी, नवे हातमोजे. जनावर लाळ गाळत असेल, पिसाळल्याची शंका असेल, तर तोंडाजवळ जाऊच नका, डॉक्टरला बोलवा. गालातून जमत नसेल तर शेपटीचे मुळासकट उपटलेले केस चालतात. कात्रीने कापलेले नाहीत.

काडी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. नोकरीत असताना मी ओल्या काड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवल्या होत्या. सगळ्यांना बुरशी आली. शेतीची पदवी भिंतीवर टांगलेली होती, तरीही!

आता मुद्द्याचे. पिकांच्या वाणांवर शेतकऱ्याचा हक्क सांगणारा कायदा २००१ सालचा आहे. जनावरांच्या जातींसाठी तसा कायदा नाही. खिल्लार, डांगी, लाल कंधारी कोणी टिकवली? आपल्याच बापजाद्यांनी. तेव्हा काडी देताना पोच मागा. तिच्यावर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, तारीख आणि नमुना कशासाठी नेला ते लिहिलेले हवे. निकालाची प्रतही आपल्याला मिळेल, हे तिथेच लिहून घ्या.

मांडवामागे एक शेळी सकाळपासून उपाशी बांधली आहे. चला, काडी कशी फिरवायची ते करून दाखवतो.